पानाचं बेट

देवास जिल्ह्यात, बागलीच्या अलीकडे, माळव्याच्या पठारावर हाटपिपल्या आहे. मध्य प्रदेशाचे माजी मुख्यमंत्री कैलाश जोशी यांचं हे गाव. काळी जमीन, पावसाळ्यात सोयाबीन, थंडीत गहू, हरभरा आणि लसूण. दक्षिणेकडे गेलं की पठार संपतं आणि विंध्याचा सागवानी उतार नर्मदेच्या खोऱ्याकडे लागतो. समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तरीही एकाच बेटावर सापडणाऱ्या दुर्मीळ फुलपाखराची हकीकत इथून सुरू करायला कारण आहे. त्या फुलपाखराचा एक भाऊबंद नेमकं उलट नशीब घेऊन आलाय आणि तो इथल्या परसातल्या लिंबावर वाढतो. दोघांना शेजारी ठेवल्याशिवाय एकाचंही कोडं सुटत नाही.

बेटावरचं फुलपाखरू म्हणजे पॅपिलिओ होमेरस. ते फक्त जमैकात आढळतं आणि तिथेही आता जेमतेम दोन कोपऱ्यांत. हाटपिपल्याचं ते पॅपिलिओ डेमोलिअस. मराठीत त्याला लिंबाळी म्हणतात. दोघांचं कुळ एक, प्रजातीही एक. मागच्या पंखांना शेपट्या असणाऱ्या ‘स्वॅलोटेल’ कुळातली ही मंडळी. जगात या कुळाच्या साडेपाचशेहून अधिक जाती आहेत. (लिंबाळीला मात्र शेपूट नाही. कुळाचं नाव लावलं तरी सगळ्यांच्या अंगावर कुळाची खूण असतेच असं नाही.) लिंबाळीचा पसारा अरबस्तानापासून ऑस्ट्रेलियापर्यंत आहे. होमेरसचं सगळं जग मात्र सुमारे ११ हजार चौरस किलोमीटरच्या एका बेटात मावतं, म्हणजे देवास जिल्ह्याच्या दीडपटीपेक्षा थोड्या जास्त जागेत. त्यातलाही बराचसा भाग त्याने आता गमावला आहे.

पंखांच्या ताकदीत उत्तर शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. होमेरस हे पश्चिम गोलार्धातलं सर्वांत मोठं स्वॅलोटेल. त्याच्या पंखांचा विस्तार १५ सेंटिमीटरच्या आसपास जातो. लिंबाळी त्याच्यापुढे किरकोळ, आठ ते दहा सेंटिमीटरची. मोठे पंख घरी बसले आणि छोट्या पंखांनी जग पाहिलं. याचं मर्म पंखांत नसून अळीच्या जेवणात आहे.

लिंबावरचा संसार

पहिला पाऊस झाल्यावर लिंबाला नवती फुटते. पोपटी, लुसलुशीत पानं बाहेर येतात आणि लिंबाळीची मादी झाडाभोवती घिरट्या घालू लागते. ती कोवळ्या पानावर क्षणभर टेकते, पंखांची फडफड चालूच ठेवते, पुढच्या पायांनी पानावर भराभर टपटप करते आणि उडते. मग दुसरं पान, तिसरं पान. भाजीवाल्याकडे भेंडीचं टोक मोडून बघावं तशी ही पारख चालते. तिच्या पुढच्या पायांच्या टोकांवर चव ओळखणारे सूक्ष्म केस असतात. पानातली रसायनं ओळखीची निघाली की ती पोट वाकवून एकच अंडं चिकटवते. हे अंडं फिकट पिवळं, गोल आणि जेमतेम एक मिलिमीटरचं असतं.

दोन-चार दिवसांत अळी बाहेर येते. पहिल्या चार अवस्थांत ती काळपट तपकिरी असते आणि अंगावर पांढरे डाग असतात, त्यामुळे पानावर पक्ष्याची विष्ठा पडली आहे असंच वाटतं. चिमण्यासुद्धा तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत. चौथ्यांदा कात टाकल्यावर ती एकदम हिरवी होते आणि पानांत मिसळून जाते. या हिरव्या अळीला काडीने हळूच डिवचलं तर डोक्यामागच्या फटीतून तांबूस रंगाचं दुहेरी शिंग झटकन बाहेर पडतं आणि उग्र, आंबूस वास सुटतो. मुंग्या आणि लहान शत्रू त्या वासाने मागे सरतात. शिंग दोन-चार क्षणांत पुन्हा आत जातं. हे अवजार स्वॅलोटेल कुळातल्या प्रत्येक अळीकडे असतं, जमैकातल्या होमेरसकडेही.

पोट भरलं की अळी डहाळीवर रेशमाची गादी विणते, कमरेभोवती एक धागा बांधून घेते आणि कोष होते. हिरव्या पानांत कोष हिरवा होतो, वाळक्या काडीवर तपकिरी. हवा उबदार असेल तर अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा सगळा प्रवास महिन्याभरात उरकतो.

शेतकरी या संसाराकडे कौतुकाने बघत नाही, आणि त्याचं चुकतही नाही. आगर-माळव्यातल्या संत्र्याच्या बागा असोत की विदर्भातल्या वरुड-मोर्शीच्या, रोपवाटिकेतलं कोवळं कलम दोन-चार अळ्या मिळून बोडकं करतात. म्हणून कुणी अळ्या हाताने वेचतं, कुणी निंबोळी अर्क मारतं. मोठ्या झाडाला मात्र त्यांचा फारसा जाच होत नाही.

लिंबाळीच्या ताटात लिंबू, संत्रं आणि मोसंबी तर आहेतच, शिवाय बेल, कवठ आणि कढीपत्ता आहे. ही सगळी एकाच वनस्पतिकुळातली झाडं. शेताच्या बांधावर उगवणारी बावची दुसऱ्याच कुळातली, शेंगावाल्यांपैकी, पण लिंबाळीला तीही चालते. माणूस जिथे गेला तिथे त्याने लिंबू नेलं, देवळापाशी बेल लावला, स्वयंपाकघरामागे कढीपत्ता लावला. लिंबाळीच्या पंगतीची पानं माणसानेच जगभर मांडून ठेवली.

पान खाण्याची किंमत

लिंबाचं पान उन्हाकडे धरून बघावं. त्यात बारीक पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या ग्रंथी. पान चुरगळल्यावर येणारा वास त्यांचाच. हा वास आपल्याला आवडतो, पण झाडाने तो आपल्यासाठी तयार केलेला नाही. या कुळातल्या झाडांत फ्युरॅनोकुमारिन गटातली रसायनं असतात. उन्हात ती पेशींतल्या डीएनएला इजा करतात. बहुतेक किडे अशा पानापासून लांब राहतात.

पॅपिलिओच्या अळ्या ती पानं पचवतात, कारण त्यांच्या शरीरात हे विष मोडणारी विकरं आहेत. अमेरिकेतल्या कीटकशास्त्रज्ञ मे बेरेनबाउम यांनी स्वॅलोटेलच्या अळ्यांमधली ही विकरं उलगडून दाखवली. त्याआधी १९६४ साली पॉल अर्लिक आणि पीटर रेव्हन यांनी फुलपाखरं आणि वनस्पती यांच्या नात्यावर एक गाजलेला निबंध लिहिला होता. झाड नवं विष तयार करतं, एखादा किडा त्यावर उतारा शोधतो आणि त्या झाडावर त्याला जवळजवळ एकट्याची मालकी मिळते. पिढ्यानुपिढ्या अशी चढाओढ चालली की दोन्हीकडे नवनव्या जाती निघतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

या सौद्याला दुसरी बाजू आहे. एका विषावरचा उतारा साधला की तोच किड्याचा दोरखंडही होतो. ज्या पानाचं कुलूप उघडलं तेवढंच त्याचं घर. मादी अंडी घालताना ओळखीचीच चव शोधते, अळी दुसरं पान खात नाही, आणि खाल्लं तर जगेलच असं नाही.

पान अळीचं पोट भरतं तसं फुलपाखराचं रूपही ठरवतं. माळव्याच्या काळ्या रानात किडामारी ही वेल तणासारखी उगवते. कॉमन रोज नावाचं स्वॅलोटेल तिच्यावर आणि तिच्या भाऊबंद वेलींवर वाढतं. त्या पानांतलं विष अळी अंगात साठवते, म्हणून पुढे फुलपाखरूही पक्ष्यांना कडू लागतं आणि लाल ठिपके मिरवत निवांत उडतं. कॉमन मॉरमॉन लिंबाच्या कुळावर वाढतं, त्याच्या अंगात असं विष नाही. त्याच्या काही माद्यांनी कॉमन रोजचा पोशाख जसाच्या तसा उचलला आहे. ही नक्कल एकाच जनुकाच्या हाती आहे, हे कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं. या जनुकाचं नाव डबलसेक्स, आणि त्याचं मूळ काम नर-मादीचा फरक ठरवण्याचं. विषारी पान खाणाऱ्याने वेष घडवला, बिनविषारी पान खाणाऱ्याने तो उसना घेतला.

समुद्राने वेढलेली

बेटावर नवी जात कशी होते, हे समजायला फार खोलात शिरावं लागत नाही. वादळाबरोबर एखादी मादी समुद्रापार फेकली जाते. तिच्या पोटात अंडी असतात आणि नव्या किनाऱ्यावर तिला ओळखीचं पान मिळतं. मागे राहिलेल्या गोतावळ्याशी संबंध तुटतो. पुढच्या हजारो पिढ्यांत छोटे बदल साठत जातात, मूळ भूमीतून नवं रक्त येऊन ते पुसून टाकत नाही, आणि शेवटी बेटावरचं फुलपाखरू वेगळंच होऊन बसतं.

अंदमानात असंच झालं. अंदमान मॉरमॉन जगात दुसरीकडे कुठेही नाही, आणि ते नीलवंताच्या जवळच्या गोतावळ्यातलं आहे. नीलवंत म्हणजे ब्लू मॉरमॉन. २०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखरू केलं आणि असं फुलपाखरू निवडणारं ते देशातलं पहिलं राज्य ठरलं. श्रीलंकेतल्या पावसाळी जंगलात सिलोन रोज आहे, तेही तिथलंच. समुद्राच्या अलीकडे सह्याद्रीत मलबार रोज हा त्याचा नातेवाईक राहतो. नीलवंत मात्र भारताच्या द्वीपकल्पातही आहे आणि श्रीलंकेतही.

मराठी माणसाला जवळचं वाटावं असं एक बेट आफ्रिकेच्या बाजूला आहे. मॉरिशसमध्ये पॅपिलिओ मॅनलिअस नावाचं काळं, निळसर हिरव्या पट्ट्यांचं स्वॅलोटेल आहे. ते फक्त मॉरिशसचं. सुमारे दोनशे किलोमीटरवरच्या रेयुनियों बेटावर त्याचा भाऊ पॅपिलिओ फोर्बांटा राहतो आणि बाकीचे नातेवाईक मादागास्करात व आफ्रिकेत आहेत. १८३४ नंतर करारावर नेलेल्या मजुरांमध्ये कोकण आणि देशावरची माणसंही मॉरिशसला पोहोचली. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवतात, गणपती बसवतात. उसाच्या ज्या मळ्यांत ही कुटुंबं राबली त्यांच्यासाठी बेटावरचं मूळ जंगल तोडलं गेलं. चांगल्या अवस्थेतलं जंगल आज तिथे दोन टक्क्यांहूनही कमी उरलं आहे. इतकी तोड होऊनही मॅनलिअस नाहीसं झालं नाही. त्याची अळी लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते. रेयुनियोंच्या फोर्बांटानेही रानातल्या झाडांच्या जोडीला बागेतली लिंबू-संत्री चालवून घेतली. बेट लहान, जंगल नाममात्र, पण पान सहज मिळणारं, आणि त्यावर ही फुलपाखरं तगली. आफ्रिकेतून आलेलं डेमोडोकस हे लिंबाळीच्या सख्ख्या नात्यातलं फुलपाखरू तेवढं आता त्याच पंगतीत येऊन बसलं आहे.

जमैकाचा होमेरस

होमेरसच्या नशिबी असं पान नव्हतं. डॅनिश शास्त्रज्ञ योहान ख्रिश्चन फॅब्रिशिअस यांनी १७९३ साली या फुलपाखराला नाव दिलं. गडद तपकिरी पंखांवर रुंद पिवळा पट्टा, मागच्या पंखांवर निळे ठिपके आणि चमच्यासारख्या रुंद टोकाच्या शेपट्या. दाट पावसाच्या जंगलात, ओढ्यांच्या घळींत ते उडतं. त्याची अळी खाते ती हर्नेंडिया नावाच्या झाडाची पानं. बेटाच्या पूर्वेला या झाडाची एक जात वाढते, पश्चिमेला दुसरी. दोन्ही जाती जमैकाबाहेर कुठेही नाहीत.

म्हणजे फुलपाखरू बेटापुरतं, त्याचं पानही बेटापुरतं, आणि बेटावरही ते पान फक्त ओल्या डोंगराळ भागात. हर्नेंडियाला बाजारात मान नाही. त्याची कुणी बाग लावत नाही आणि देवाला त्याचं पान वाहत नाही. म्हणून जंगलाबाहेर त्याचं रोप पोहोचवणारा कुणी नाही. जंगल मागे सरलं की पानही मागे सरतं.

आणि जंगल मागे सरलंच. एके काळी होमेरस बेटाच्या निम्म्या परगण्यांत दिसत होतं. कॉफीचे मळे, शेती, लाकूडतोड आणि परदेशी पाइनची लागवड यांनी घळी एकेक करून रिकाम्या केल्या. आज त्याच्या दोनच वसाहती उरल्या आहेत. एक पूर्वेला, ब्लू माउंटन आणि जॉन क्रो डोंगर जिथे भेटतात तिथे. दुसरी पश्चिमेकडच्या कॉकपिट कंट्रीत. तिथे चुनखडीच्या टेकड्या आहेत आणि त्यांच्यामधे वाडग्यासारखे खोलगट भाग. या दोन वसाहतींतली फुलपाखरं एकमेकांना भेटू शकत नाहीत. बेटातच दोन बेटं झाली आहेत.

तोडलेल्या जंगलाची कड उन्हाने तापते, हवेतला ओलावा कमी होतो, आणि होमेरसला ओल लागते. शिवाय सूक्ष्म गांधीलमाश्या त्याच्या अंड्यांत आपली अंडी घालतात आणि बरीच अंडी अळी होण्याआधीच संपतात. मोठ्या, पसरलेल्या वसाहतीला हा तोटा सोसतो. मूठभर फुलपाखरांच्या वसाहतीला तोच जड जातो. संग्राहकांनाही या राजेशाही पंखांचा मोह होताच. १९८७ साली धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, म्हणजे सायटिसच्या, पहिल्या परिशिष्टात होमेरसचं नाव आलं आणि त्याच्या विक्रीचा रस्ता बंद झाला.

इथे लिंबाळी पुन्हा या हकीकतीत येते. २००४ साली कॅरिबियनमधल्या डोमिनिकन रिपब्लिकमध्ये ती प्रथम सापडली. लिंबूवर्गीय रोपांबरोबर किंवा माणसाच्या अशाच कुठल्या वाटेने ती आशियातून आली असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. २००६ साली ती प्वेर्तो रिको आणि जमैकात पोहोचली, मग क्युबातही. जे फुलपाखरू हाटपिपल्याच्या लिंबावर अंडी घालतं तेच आता होमेरसच्या बेटावरच्या लिंबावरही घालतं. ती होमेरसचा घास हिरावत नाही, कारण तिला हर्नेंडिया चालत नाही आणि होमेरसला लिंबू. पण लिंबावर वाढणाऱ्या तिथल्या मूळ स्वॅलोटेलना आणि बागायतदारांना तिची धास्ती वाटली, आणि ती रास्त होती. एकाच बेटावर दोन भाऊबंद, एक नुकताच आलेला आणि पसरत चाललेला, दुसरा मूळचा आणि आक्रसत चाललेला. फरक फक्त कोणाचं पान कोणी लावलं एवढाच.

पाणी नसलेलं बेट

बेट व्हायला समुद्रच लागतो असं नाही. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरचं सदाहरित जंगल पूर्वेकडच्या कोरड्या पठाराने तितकंच पक्कं वेढलेलं आहे. मलबार बँडेड पीकॉक, म्हणजे पॅपिलिओ बुद्ध, याच पट्ट्यातलं. सिंधुदुर्ग आणि गोव्यापासून केरळापर्यंत ते आढळतं, पश्चिम घाटाबाहेर नाही. काळ्या पंखांवरून तिरका जाणारा हिरवट निळा पट्टा उन्हात असा चमकतो की एकदा पाहिलेला माणूस तो विसरत नाही. केरळाने २०१८ साली त्याला राज्य फुलपाखरू केलं.

त्याची अळी तिरफळाच्या पानावर वाढते. बांगड्याच्या तिखल्यात पडणारं, जिभेला मुंग्या आणणारं हेच ते तिरफळ. तेही लिंबाच्याच कुळातलं. खोडावर शंकूसारखे जाड काटे असलेलं हे झाड कोकणात आणि गोव्यात घराच्या मागे, कुळागराच्या कडेला उभं असतं. तिरफळाचं झाड पश्चिम घाटाबाहेरही आहे, पण बुद्ध तिथे नाही. पान हवंच, पण पानाबरोबर त्याला घाटातला पाऊस आणि गर्द सावलीही हवी. होमेरसचीही हीच अट आहे. पान हा पहिला दरवाजा, त्यापुढचे दरवाजे हवा उघडते किंवा बंद करते.

संरक्षणाचा विचार करताना ही गोष्ट अनेकदा निसटते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांत कितीतरी फुलपाखरांची नावं आहेत. त्यांना पकडणं आणि विकणं गुन्हा आहे. ही तरतूद हवीच, संग्राहकाचं जाळं तिनेच थांबतं. पण कायदा पंखांना जितकं जपतो तितकं पानाला जपत नाही. परसातलं तिरफळ रस्ता रुंदीकरणात गेलं किंवा बांधावरची किडामारी तणनाशकाने जळाली, तर फुलपाखराच्या कलमाखाली कुणावर गुन्हा दाखल होत नाही. फुलपाखराला कुणी हात लावलेला नसतो, त्याच्या अळीचं ताट तेवढं उचललेलं असतं.

जमैकाने अलीकडे पानाच्या बाजूने दोन पावलं टाकली आहेत. ब्लू आणि जॉन क्रो डोंगरांना २०१५ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथल्या निसर्गाबरोबरच गुलामीतून पळून या डोंगरांत वसलेल्या मारून लोकांचा इतिहासही त्यात मोजला गेला. २०१७ साली कॉकपिट कंट्रीच्या संरक्षित क्षेत्राची सीमा सरकारने जाहीर केली आणि त्या सीमेच्या आत बॉक्साइटची खाण होणार नाही असं सांगितलं. या दोन्ही निर्णयांत संपूर्ण घळी राखल्या जातात, म्हणजे हर्नेंडिया राहतो, सावली राहते, ओल राहते. एकेक फुलपाखरू मोजून वाचवण्यापेक्षा हा मार्ग खरा आहे.

माळव्यात जपायला जमैकाएवढं दुर्मीळ काही नाही, आणि लिंबाळीला तर कुणी जपण्याचीही गरज नाही. पण किडामारीवरचं कॉमन रोज आणि विंध्याच्या उतारावरच्या रानझाडांवर अवलंबून असलेली फुलपाखरं यांचा हिशेब तोच आहे. शाळेच्या आवारात फुलपाखरांची बाग करायची तर झेंडू-घाणेरीच्या फुलांनी भागत नाही. फुलं प्रौढ फुलपाखराला मध देतात, पण पुढची पिढी फक्त पानावर जन्मते. बागेच्या एका कोपऱ्यात बेल, कवठ, कढीपत्ता लावावा, कुंपणाकडेला बावची आणि किडामारी राहू द्यावी आणि त्यांची पानं कुरतडलेली दिसली तर औषधाची बाटली खाली ठेवावी. ज्या बागेतली पानं कुणीच खात नाही, तिथली फुलपाखरं पाहुणी असतात.